मोरीतल्या साळुंक्या

शालननं डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि वरून तिच्या खांद्यावर काहीतरी टपकलं. हात लावून पाहिलं तर ओलसर, पांढरट. पाठोपाठ दोन काड्या पडल्या आणि गुटख्याच्या पुडीचा चकचकीत तुकडा. तिनं मान वर केली. एक्झॉस्ट फॅन जळल्यावर काढून टाकला होता, त्याचं गोल भोक भिंतीत तसंच उघडं राहिलं होतं. त्या भोकातून पिवळ्या कडेचा एक डोळा तिच्याकडे रोखून बघत होता.

"आवं!" ती आतूनच ओरडली. "ऐकताय का? ह्या भोकात साळुंकी घुसलीया!"

बाहेरच्या खोलीतून धनाजीचा आवाज आला. "व्हय. दोन हायती."

दोन आहेत म्हणे. म्हणजे याला ठाऊक होतं. दिवसभर घरात बसून यानं त्या मोजल्या होत्या, पण हाकलल्या नव्हत्या. शालननं दात आवळले, गीझरचा कॉक मोठा केला आणि कढत पाण्याचा तांब्या अंगावर असा आपटला, जणू नवऱ्यालाच फेकून मारला.

मे महिना असो नाहीतर पौष, शालनला कढत पाणीच लागे. तुर्भ्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पहाटेपासून तव्यापुढे उभी असायची. तेलाचा तो वास गार पाण्यानं हलत नाही. गार पाण्यानं आंघोळ करणाऱ्यांना ती माणसांतच धरत नसे. तशी ती बऱ्याच जणांना माणसांत धरत नसे. ताटात अर्धी भाजी टाकून उठणारे साहेब, हात न धुता लाडू वळणारी कँटीनमधली सोबतीण, भाताची खाचरं सरकारनं घेतल्यावर मिळालेल्या पैशांतून शिरवण्यात चार मजले चढवून आता भाडेकरूंच्या बादल्या मोजणारी घरमालकीण मालतीबाई, उलव्यात फ्लॅट घेऊन आईबापाला सणापुरतं विचारणारा मुलगा अभय. सगळ्यांची तिच्याकडे एकेक खूण होती आणि ती चांगली नव्हती.

पण तिच्या तुच्छतेचा खरा मानकरी धनाजीच.

लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, पोरगा मार्केटला माथाडी आहे, कोरेगाव तालुक्यात असा गडी दुसरा नाही. खोटं नव्हतं ते. कांद्याची गोणी तो अशी उचलायचा जशी दुसऱ्यानं उशी उचलावी. मग एक दिवस ट्रकची फळी सरकली आणि गोणीसकट तो खाली आला. कंबर गेली. तेव्हापासून पोटाला रुंद पट्टा बांधून तो खिडकीशी बसून असायचा. चहा करायचा, भात लावायचा, बाकी काही नाही. जड उचलायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं आणि धनाजीनं, शालनच्या मते, डॉक्टरचं तेवढंच एक वाक्य मनापासून ऐकलं होतं.

आंघोळ उरकून ती केस झटकत बाहेर आली.

"कवापासनं हायती त्या?"

"झालं असतील धा-बारा दिस. आदी काड्या आणल्या. मग चिंध्या. त्या समोरच्या पोरांची बनियन फाडून आणली बघ थोडी."

"आन् तुमी बघत बसला."

"मग काय करू?"

"काय करू म्हंजे? झाडू घ्यायचा, दांडा घालायचा भोकात, भायेर वडायचं. ह्याला काय शाळा लागती?"

अडचणीचं काही आलं की धनाजी पट्टा सोडून पुन्हा बांधायला घ्यायचा. आताही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना जिन्याखाली मालतीबाईनं तिला गाठलं. हातात पाटल्या, गळ्यात जाड सर आणि पायात अंगठा तुटलेली चप्पल. शालनला ती चप्पल नेहमी बघावीशी वाटे. त्यानं बरं वाटायचं.

"काय गो शालन, तुझे मोरीचे भोकान पाखरा हायेत. मी रोज खालशी बघतंय. निस्ती घान केलीय माझे भिंतीवर. मालकाला सांग, कारून टाक."

"सांगितलंया."

"मंग?"

"मग काय! आमचं मालक हायती ते. मुहूर्त बघत असतील."

मालतीबाई हसली. शालन हसली नाही. नवऱ्याची टिंगल ती स्वतः करी, पण त्यावर दुसऱ्या कुणी हसलेलं तिला खपत नसे. ती पाय आपटत वर गेली.

वर धनाजीकडे बातमी तयार होती. "अंडी घातली वाटतं. एकटीच आत बसून ऱ्हाती. दुसरा येतो, जातो. लई बडबड करतो. आला की आदी तारेवर बसून शिव्या दिल्यागत वराडतो, मगच आत शिरतो."

"तुमास्नी दुसरं काय काम?"

"न्हाईच की," धनाजी म्हणाला, अगदी सरळ. त्याला टोमणा कळला नाही की कळून त्यानं तो खाली ठेवला, हे शालनला ओळखता आलं नाही. असा माणूस भांडायलासुद्धा उपयोगाचा नाही, असं म्हणून ती कणीक मळायला बसली.

पुढचे दिवस असेच गेले. ती कामावरून थकून यायची आणि तो तिला पाखरांचा दिवस सांगायचा. आज नाकतोडा आणला. आज कावळा आला होता, दोघांनी मिळून त्याला पार गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं. एके दिवशी तो भलताच खुशीत होता.

"पिल्लं निघाली शालन. आन् आज काय आणलं म्हाईत हाय? पाल! एवढी पाल! बारकीच हुती, पर पाल!"

"पाल!" शालननं पिशवी जमिनीवर ठेवली. "तेवढ्याशा पाखरानं पिल्लांस्नी पाल आणली. तुमी कवा कोथिंबिरीची जुडी तरी आणली का खालनं?"

धनाजीचा चेहरा उतरला. ती बघत होती तो उतरताना आणि तिला थांबता येत नव्हतं.

"दिवसभर घरात बसून खायाचं. एक काम सांगितलं, एक. ते बी धड जमत न्हाय. उंद्या म्या यायच्या आत ते घरटं त्या भोकात दिसलं, तर म्याच वडून काढीन, पिल्लांसकट. आन् खाली टाकीन."

"उडंस्तवर ऱ्हाऊ दे की. थोडं दिस."

"तुमचं समदं आयुष्य थोडं दिस म्हनत गेलं."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मोरीतल्या भोकावर पुठ्ठा होता. चारी बाजूंनी खाकी टेप लावून नीट बसवलेला. धनाजी स्टुलावर चढला असणार, त्या कमरेनं. तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

"काढलं?"

"व्हय."

"पिल्लं?"

"खालच्या कडुलिंबावर ठेवलं घरटं. न्हेलं असतील त्यांनी."

शालननं पुठ्ठ्याकडे पाहिलं. काम बरं झालं होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही. "झालं एकदाचं," एवढंच म्हणाली आणि टॉवेल घेऊन आत गेली.

मोरीला एक खिडकी होती, पण ती असून नसल्यासारखी. समोरची इमारत हातभर अंतरावर, तिथं भाड्यानं राहणारी टवाळ पोरं. राहायला आल्या आल्या शालननं खिडकीच्या काचांवर प्लायवूडचा तुकडा ठोकून घेतला होता. गॅसचा गीझर अभयनं दिवाळीला आणून बसवला होता; आईला कढत पाणी लागतं, एवढं तरी त्याच्या लक्षात होतं. वारा यायचा-जायचा तो त्या गोल भोकातून. हे त्या दिवशी शालनच्या ध्यानात आलं नाही, धनाजीच्या नाही, आणि गीझर आणणाऱ्या अभयच्या तर कधीच आलं नव्हतं.

त्या दिवशी आंघोळ झाल्यावर तिचं डोकं थोडं चढलं. उन्हाचं असेल म्हणून तिनं कांद्याची फोड हुंगली.

पुढच्या दिवशी कँटीनमध्ये कुठल्याशा पाहुण्यांसाठी पुरीचा बेत होता. घाणा संपता संपत नव्हता. घरी आली तेव्हा तिच्या केसांपासून टाचांपर्यंत तेल मुरलं होतं. तिनं दाराला कडी घातली, गीझर लावला आणि बादलीत पाणी सोडून पाटावर बसली. पाणी अंगावर घेत राहिली. बरं वाटत होतं. कुठून तरी बारीक चिवचिव आल्यासारखी वाटली. समोरच्या पत्र्यावर असतील, असं तिला वाटलं. मग कपाळावर कुणीतरी पट्टा आवळावा तसं दुखायला लागलं. उठावं म्हणून तिनं हात टेकला, तर हात आपला नव्हेच. पाय तर मोरीत नव्हतेच. तिला त्या पायांचा राग आला. एवढं चाललेलं सोसत नाही, कुणाचे आहेत हे पाय, असं काहीसं ती म्हणाली किंवा म्हणाली असं तिला वाटलं. तांब्या हातातून सुटून फरशीवर वाजत गेला, तेवढं तिनं ऐकलं.

शुद्धीवर आली तेव्हा तोंडावर प्लॅस्टिकचा मास्क होता आणि शेजारी मालतीबाई बसली होती. दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे तिचं सोनं फारच पिवळं दिसत होतं.

"आयलीस शुद्धीवर? बरा झाला गो," मालतीबाई म्हणाली. "तुझे मालकान दार फोरला. कडी भायेर आली. चादर गुंडालली तुला, पाठीवर घेतला आन् जिना उतरला. मी बोल्ले, थांब, पोरांना हाक मारतंय, तर त्याला ऐकायला नाय आला. रिक्षान बसवलान तुला आन् मंग स्वतःच खाली बसला रस्त्यान. त्याला उठायलाच येईना."

शालननं मास्क बाजूला केला. "पाठीवर? पोत्यागत?"

"पोत्यागतच," मालतीबाई म्हणाली. मग जरा थांबून, "मी माझे मालकाचे पाठीवर कदी बसले नाय."

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. गीझरचा विषारी वायू आतच साचला, वाट मिळाली नाही, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, असं त्यानं सांगितलं. बंद मोरीत असले गीझर लोक बसवतातच कसे, हे त्यानं भिंतीला विचारलं. शालनला त्याच्या सुरातली तुच्छता ओळखू आली. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तशी.

तिला घरी सोडलं तेव्हा अभय न्यायला आला होता. घरात धनाजी जमिनीवर चटईत उताणा पडून होता. त्याला इंजेक्शन देऊन त्याच दिवशी परत पाठवलं होतं. ऑपरेशनचं विचारलं होतं, त्यानं नको म्हटलं होतं. शालनला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला.

"बरी हायस?"

"दिसतंय न्हवं," शालन म्हणाली.

अभय तोवर मोरीत शिरला होता. मोडलेलं दार, गीझर, पुठ्ठा. टेप उपटल्याचा कर्रकन आवाज आला आणि मागोमाग चिवचिवाट. एकदम, जोरात, मोकळा. अभय पुठ्ठा हातात घेऊनच बाहेर आला.

"आप्पा, हे काय आहे?"

धनाजी छताकडे बघत राहिला.

"घरटं आहे आत. पिल्लं आहेत. तुम्ही घरटं तसंच ठेवून वरून पुठ्ठा मारला? सगळं पॅक! म्हणून गॅस कोंडला ना! डोकं आहे की नाही तुम्हाला? आई मेली असती. पाखरांपायी!"

"पिल्लं बारकी हुती," धनाजी म्हणाला. "म्हटलं, उडंस्तवर..."

"उडंस्तवर! दिवसभर घरात बसून खायचं आणि एक काम धड जमत नाही तुम्हाला. एक!"

शालन भिंतीला धरून उभी होती. ते वाक्य तिचं होतं. शब्द तिचे, 'एक'वरचा तो ठोका तिचा, मान झटकायची ती लकबसुद्धा. या घरात हे पोरगं वाढलं होतं आणि काय शिकलं होतं ते आता बापाच्या उशाशी उभं राहून म्हणून दाखवत होतं. खाली पडलेल्या माणसाला आपला आवाज कसा ऐकू येत असेल, हे तिला आजवर कळलं नव्हतं. धनाजीचा हात पट्टा शोधत होता. पट्टा डॉक्टरनं काढून ठेवला होता. हात नुसताच पोटावर फिरत राहिला.

"त्यांनी न्हाय," शालन म्हणाली.

"काय?"

"पुठ्ठा म्या लावला. घरटं बी म्याच म्हटलं ऱ्हाऊ दे."

अभयनं तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"व्हय, म्या. मोरीत घान पडती म्हनून पुठ्ठा लावला. ह्येंचं काय बी न्हाय त्यात. ह्येंनी काढा म्हटलं हुतं."

धनाजीनं मान वळवली. त्याचं तोंड उघडलं होतं. शालननं त्याच्याकडे असा डोळा वटारला की ते मिटलं.

"आई, तू पण ना..." अभयनं पुठ्ठा कोपऱ्यात भिरकावला. "तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात. अडाणीपणाला काही लिमिट? मी तिकडं टेन्शन घेऊन धावत यायचं आणि इथं पाखरं पाळलीत. दे, काढून टाकतो सगळं."

"त्याला हात लावू नगंस."

"अगं पण..."

"गीझर काढ. तुजा हाय, तू घेऊन जा. आन् जमलं तर त्या खिडकीवरचं प्लायवूड उपट. ते बी म्याच ठोकलंया."

अभयनं दोन्ही केलं. करताना तो सारखा काहीबाही बोलत होता, आईला, बापाला, घराला, शिरवण्याला. शालन गप्प बसून ऐकत होती. इतकी वर्षं असलं बोलणं ती दुसऱ्यांवर टाकत आली होती, आज ते तिच्या पदरात पडत होतं. जड होतं, पण उचलता येत होतं. गीझर गोणपाटात गुंडाळून तो निघाला, तेव्हा तिनं त्याला जेवून जा म्हटलं. तो म्हणाला, वेळ नाही.

त्याची गाडी गल्लीतून बाहेर पडल्याचा आवाज आला, तेव्हा धनाजी म्हणाला, "खोटं का बोललीस?"

"तुमी न्हाय बोलला? कडुलिंबावर ठेवलं म्हनं."

"त्ये येगळं."

"माझ्या नवऱ्याला म्या बोलीन," शालन म्हणाली. "जल्मभर बोलीन. त्यानं कशापायी बोलायचं?"

धनाजी हसला बहुतेक. हसताना कंबर दुखली असावी, कारण लगेच त्यानं डोळे मिटून घेतले.

शालननं कँटीनमध्ये सुट्टी सांगितली. मुकादमानं कुरकुर केली, तिनं त्याला जे सुनावलं ते सगळ्या स्वयंपाकघरानं ऐकलं. धनाजीला बसता येत नव्हतं. कूस बदलायलासुद्धा तिचा हात लागायचा. चहा ती चमच्यानं पाजायची आणि सांडला की बडबडायची. मोरीतून चिवचिवाट आला की त्याची मान तिकडे वळायची. मोरीचं दार मोडल्यामुळं आवाज आता सरळ चटईपर्यंत येत होता.

"आज काय आणलं गं?" तो पडल्या पडल्या विचारायचा.

"मला तेवढाच उद्योग हाय का?"

मग थोड्या वेळानं, ताट घासता घासता, "नाकतोडा हुता. हिरवा."

एके सकाळी ती भाजी घेऊन वर आली तेव्हा घर गप्प होतं. तिनं मोरीत जाऊन पाहिलं. भोकात काड्या होत्या, बनियनची चिंधी होती, आत कुणी नव्हतं. समोरच्या पत्र्यावरही कुणी नव्हतं.

"गेली," धनाजी म्हणाला. "एक जरा भ्यालं. बापानं लई शिव्या दिल्या. मग गेलं ते बी."

त्यानं ते पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. चटईवरून भोक दिसत नाही. शालन उगाचच पिशवीतल्या मिरच्या उचकत राहिली. झाडू कोपऱ्यात उभा होता. तो तिनं घेतला नाही. भोक आज साफ करायला हवं असं काही नव्हतं.

तिनं शेगडीवर पाणी ठेवलं. कढत झालं तसं पातेलं उतरवून चटईपाशी आणलं, टॉवेल बुडवून पिळला आणि धनाजीला हळूच कुशीवर वळवलं. शर्ट वर सरकवून ती त्याची पाठ पुसू लागली. मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडी काळी पडून चामड्यासारखी जाड झाली होती. तळहाताएवढा घट्टा. गोण्यांनी घडवलेला. कितीतरी वर्षं तिनं तो लांबूनच पाहिला होता, बनियनच्या गळ्यातून. तिनं गरम टॉवेल त्यावर ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

"तितं काय जाणवत न्हाय," धनाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मेलीया कातडी ती."

"इचारलं का म्या?" शालन म्हणाली.

टॉवेल निवला होता. तिनं तो पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला आणि परत तिथंच ठेवला.